काचेचं कॅबिनेट

कार्तिक संपत आला की एखाद्या दुपारी वारा फिरतो आणि आमच्या कंपनीच्या गेटापर्यंत बोंबलाचा वास येऊन पोचतो. दुसऱ्या पाळीची माणसं बसमधून उतरता उतरता नाकाला रुमाल लावतात. कुणी बिहारचा, कुणी सोलापूरचा. "क्या सड़ा है यार," असं कुणीतरी म्हणतंच. याच माणसांना आत टाक्यांपाशी नाकात झिणझिण्या आणणारा वास आठ तास चालतो. सुकणाऱ्या मासळीचा चालत नाही. मी रुमाल काढत नाही. तो वास मला आवडतो असंही नाही. सात वर्षांपूर्वीच्या एका हंगामानंतर तो आला की मी आहे तिथे उभा राहतो आणि निमूटपणे छातीत भरून घेतो, एवढंच.

दिवाळी झाली की नवापूरच्या किनाऱ्याला बांबूच्या वलांडी उभ्या राहतात. दोन्ही टोकांना बांबू, मध्ये दोरांच्या चार-पाच रांगा, आणि त्यांवर बोंबील. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची. गाठ नाही, चिमटा नाही. पहिल्या दिवशी ते मेणाचे वाटतात, ऊन त्यांच्यातून आरपार जातं. दुसऱ्या दिवशी आकसतात. तिसऱ्या दिवशी वारा आला की एकमेकांवर आपटून कोरडे वाजतात. हे सगळं मला जयवंतीमावशींनी दाखवलं. त्यांचा नवरा धाकटा मुलगा चौथीत असताना गेला. मग दारासमोरच्या त्या वलांडीवर त्यांनी दोन मुलगे वाढवले. थोरला हितेश जहाजावर लागला. धाकटा कल्पेश पालघरच्या कॉलेजात पहिल्या वर्षापासून माझ्या वर्गात होता.

मी बोईसरचा. म्हणजे मूळचे आम्ही सांगलीकडचे, पण वडील इथे फिटर म्हणून आले आणि माझा जन्म कॉलनीतला. आमच्या घरी सुकी मासळी शिजत नसे. वर्गात कल्पेशच्या शर्टाला तो वास असायचा. सकाळी आईला बोंबील टांगू लागून तो कॉलेज गाठायचा. आंघोळ करून यायचा, तरी वास त्याच्याबरोबर यायचाच. एकदा प्रॅक्टिकलला तो माझ्या मागून गेला आणि मी मोठ्यांदा म्हणालो, "कुणी बोंबील सुकत घातलाय का रे इथे?" सगळे हसले. कल्पेशही हसला. त्या दिवसापासून वर्गात त्याचं नाव बोंबील झालं. ते नाव मी ठेवलं, हे आधीच सांगून टाकतो. पुढे सांगायच्या गोष्टी याहून वाईट आहेत.

तरीही आम्ही मित्र होतो. बोईसर स्टेशनजवळ एक गेमिंग कॅफे होता. खाली झेरॉक्सचं दुकान, वर पत्र्याच्या खोलीत दहा कॉम्प्युटर, आणि घामाचा, तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. तिथे सगळ्यांना एकच वास यायचा, म्हणून कल्पेश तिथे मोकळा व्हायचा. आणि जिंकायचा. लहानपणापासून मासळी निवडलेले त्याचे हात कीबोर्डवर अशा सहजतेनं पडायचे की मला माझी बोटं लाकडाची वाटायची. पडद्याकडे तो पाण्याकडे बघावं तसा बघायचा. काही हललं की त्याला आधी कळायचं. त्या दोन वर्षांत मी त्याच्याविरुद्ध एकदाही जिंकलो नाही. मी हरलो की तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "जवल आलतास रे." ते मला हरण्यापेक्षा जास्त लागायचं.

माझं राज्य दुसरं होतं. माझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता, पण त्याचे सुटे भाग मला तोंडपाठ होते. कुठल्या प्रोसेसरला कुठला मदरबोर्ड बसतो, ग्राफिक कार्ड किती लांब असलं की कॅबिनेटमध्ये मावत नाही, कुठला पंखा आवाज न करता वारा देतो. जाड पुठ्ठ्याच्या एका रजिस्टरमध्ये मी माझ्या भावी मशीनच्या याद्या लिहायचो, खोडायचो, पुन्हा लिहायचो. वडिलांनी रजिस्टर एकदा चाळलं आणि म्हणाले, "नोकरी लागली की घे." वर्गातली मुलं मला विचारायला यायची. त्या अर्ध्या तासापुरता मी मोठा असायचो.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत हितेशनं जहाजावरून पैसे धाडले. कल्पेश आमच्या कॉलनीत आला, दाराबाहेर चपला काढून उभा राहिला आणि म्हणाला, "अमोल, दादानं कॉम्पुटर घ्यायला सांगितलंय. घरीच जोडायचा. मला त्यातलं काय कलत नाय. तू सांगशील ते घेनार."

मी आतून रजिस्टर आणलं आणि त्याच्यासमोर उघडलं. आठवडाभर आम्ही त्या पानांवर वाकून बसलो. मी सांगत होतो, तो मान डोलावत होता. प्रोसेसर मी त्याला चांगला निवडून दिला. रॅम, ग्राफिक कार्ड, सगळं माझ्या यादीतलं, मी स्वतःसाठी ठरवलेलं. पान उलटताना मला जाणवायचं, की हे पान आता माझं राहिलं नाही. तरी इथपर्यंत मी प्रामाणिक होतो. राहिलं होतं कॅबिनेट, हे सगळे भाग ज्यात बसवतात तो डबा.

पालघरला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दुकान होतं. शेठ हिंदी बोलायचा, घाई करायचा नाही. काउंटरवर त्यानं दोन कॅबिनेटं शेजारी शेजारी ठेवली. एकाचं तोंड बारीक जाळीचं, काळं, दिसायला अगदी साधं. दुसऱ्याला समोर आणि बाजूला काच, आत रंगीत दिव्यांचे पंखे. शेठनं वायर लावली आणि काचेआडून निळा-जांभळा उजेड फिरायला लागला. समोरच्या काचेला कडेनं फक्त नखाएवढी फट होती. वारा घ्यायचा तो तेवढ्यातूनच.

कल्पेशनं दिव्यांकडे बघितलं, मग जाळीच्या कॅबिनेटपाशी गेला. जाळीवर तळहात ठेवला. दुसऱ्या बाजूनं तोंड लावून फुंकर मारली आणि हाताला वारा लागतो का ते पाहिलं.

"ह्यो घेऊ," तो म्हणाला. "ह्यातनं वारा फिरल. बोंबील पन दाट टांगला ना, वारा नाय भेटला, की आतून कुजतो. वरनं बरा दिसतो."

दोन वर्षं कॉम्प्युटरचे भाग पाठ करून मला जे कळलं होतं, ते या मुलानं वलांडीवरून एका वाक्यात सांगितलं होतं. शेठनंही मान हलवली. "सही बोल रहा है. जाली वाला लो, ठंडा रहेगा."

मी हसलो. मुद्दाम, मोठ्यांदा. "अरे, ही मशीन आहे, मासळी नाही. तुमच्याकडे खारी हवा. जाळीतून सगळं मीठ आत जाईल, सहा महिन्यांत बोर्ड गंजेल. तुला बंदच पाहिजे."

खोटं सांगायचं तर त्यात थोडं खरं हवं. खाऱ्या हवेनं बोर्ड गंजतात हे खरं आहे. पण बंद कॅबिनेटनं ती हवा अडत नाही आणि आतली उष्णता मात्र अडते, हे मला माहीत होतं. शेठ माझ्याकडे क्षणभर बघत राहिला, मग त्यानं खांदे उडवले. कल्पेशनं जाळीवरचा हात काढला. "तुला जास्त कलतं," तो म्हणाला, आणि काचेचं कॅबिनेट बांधून घेतलं. परतीच्या वाटेवर खोका त्यानं मांडीवर घेतला होता. मीही एक टोक धरलं होतं.

मशीन जोडलं त्या दुपारचं सगळं अजून जसंच्या तसं आठवतं. नवापूरचं घर, सारवलेली ओटी, आतल्या खोलीत खिडकीखाली नवं टेबल, वर पत्रा. खिडकीतून हात बाहेर काढला तर बोंबलाला लागेल इतकी वलांड जवळ. मावशींनी एका वाटीत सगळे स्क्रू काढून ठेवले आणि ती वाटी दोन्ही हातांत धरून त्या माझ्याशेजारी बसून राहिल्या. मी हात पुढे केला की वाटी पुढे यायची. मदरबोर्ड बघून त्या म्हणाल्या, "वरनं आपलं गाव दिसल ना, तसा दिसतो." मग विचारलं, "हितेसची बोट दिसल काय यात?" मी म्हणालो, "नकाशावर दिसेल." त्या इतक्या आनंदल्या की उठून आत गेल्या आणि ओले बोंबील तळायला घेतले. आयुष्यात पहिल्यांदा मी ते खाल्ले. तोंडात घातले की विरघळत होते. मी दोनदा मागून घेतले.

शेवटी मागचा पंखा राहिला. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला एक पंखा असतो, आतली गरम हवा बाहेर टाकणारा. त्याच्या चौकटीवर बारीक बाण कोरलेला असतो, वारा कुठे जाणार ते दाखवणारा. पंखा माझ्या हातात होता. कल्पेश मागे उभा होता. तो मनापासून म्हणाला, "अमोल, आता तू पन इथंच खेलायला ये. मी तुला शिकवीन. तुजा हात चुकतो कुठं ते मला म्हाईत हाय."

मी पंखा फिरवला. बाण आत केला. चार स्क्रू वाटीतून घेतले आणि बसवले. मावशींनी वाटी पुढे धरली होती.

दुकानातलं खोटं मी अजूनही कधी कधी स्वतःला पटवू शकतो. मीठ, गंज, काहीतरी. पंख्याचं नाही. त्याला दहा सेकंद लागले आणि त्या दहा सेकंदांत मी काय करतोय हे मला स्वच्छ दिसत होतं. राग आला होता असंही म्हणता येत नाही. मन शांत होतं. एक गोष्ट हातात होती आणि ती करता येत होती.

मशीन सुरू झालं. मावशींनी त्याच्या कपाळी, म्हणजे काचेवर, हळद-कुंकू लावलं आणि नारळ फोडला. कल्पेशनं हात मागे नेऊन पंख्यापाशी धरला. "वारा आत येतो रे. बाहेर जायला नको?"

"तसंच असतं," मी म्हणालो.

"असल," तो म्हणाला.

मार्गशीर्षात थंडी होती, तोवर मशीन रडतखडत चाललं. पौष सरला आणि ते मध्येच बंद पडायला लागलं. आधी पंखे मोठ्यांदा घोंघावायचे, मग पडदा गोठायचा, मग काळा. कल्पेश मला फोन करायचा. मी म्हणायचो, विंडोज पुन्हा टाकू. पुन्हा टाकलं. मी म्हणायचो, विजेचा दाब कमी-जास्त होतो तुमच्याकडे. त्यानं स्टॅबिलायझर आणला. एकदा तो चहा आणायला आत गेला असताना मी पडद्यावर तापमान दाखवणारी खिडकी उघडली. आकडा नव्वदच्या वर होता. मी ती खिडकी बंद केली. आता माझी नोकरीच आकडे बघण्याची आहे. कुठली टाकी किती तापली ते मी दर तासाला लिहितो. एक अंश वर गेला तरी फोन उचलतो. लोक म्हणतात, अमोल फार काटेकोर आहे.

फेब्रुवारीत कॉलेजांची गेमची स्पर्धा होती, ऑनलाइन, आपापल्या जागेवरून खेळायची. आमच्या पाच जणांच्या संघाचा कणा कल्पेश. अंतिम सामना दुपारी होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आम्ही चौघे बोईसरच्या कॅफेत, तो नवापूरला, नव्या स्टॅबिलायझरच्या भरवशावर. वीस मिनिटं तो असा खेळला की कॅफेतली इतर मुलं खुर्च्या सोडून आमच्या मागे उभी राहिली. मग त्याचा आवाज तुटला. परत आला. परत तुटला आणि आला नाही. आम्ही हरलो. त्या वर्षी पहिल्यांदा हरूनही मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात कुणी त्याच्याशी धड बोलेना. "बोंबलाच्या घरी पीसी ठेवल्यावर काय होणार, त्याला पण वास लागला," असं एकजण म्हणाला. कल्पेश माझ्याकडे वळला. त्याचे डोळे सुजलेले होते. "तू सांग ना. काय बिघडलंय?"

तेव्हाही सांगता आलं असतं. चार स्क्रू. मी म्हणालो, "मी म्हटलंच होतं, खारी हवा. आणि नुसती हवा नाही. तुमची वलांड अगदी खिडकीशी आहे. ओल्या बोंबलाची ती ओल सगळी आत जाते. ती असेपर्यंत कुठलंच मशीन टिकणार नाही."

मी ते सहज बोललो. कोणी पत्ता विचारल्यावर सांगावा तसं.

त्या रविवारी मी नवापूरला गेलो. का गेलो, हे मी स्वतःला खूपदा विचारलं आहे. काय होतंय ते बघायलाच गेलो असणार. घराजवळ पोचलो तेव्हा कल्पेश बांबू उपटत होता. दोर तुटून बोंबील वाळूत पडले होते, अर्धे ओले, वाळू माखलेले. मावशी ओटीच्या पायरीवर उभ्या होत्या.

"अरं, आजचा माल तरी सुकू दे," त्या म्हणत होत्या. "दोन दिस थांब. मंग मी काढते."

"नाय! आत्ता," तो ओरडला. "तुज्या वासापायी माजं वाटोलं झालं. कालेजात कोन बाजूला बसत नाय. आयुष्यभर मी बोंबीलच राहू काय? एक मशीन होतं, ते पन तुज्या बोंबलानं खाल्लं!"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी शहरातला, शिकलेला, मशीनमधलं कळणारा. त्यांनी मला विचारलं, "खरंच बोंबलानी बिघडलं काय रे, बाबू?"

मी मान डोलावली. हो म्हणालोसुद्धा नाही. नुसती मान.

त्या खाली उतरल्या, आणि वाळूतले बोंबील एकेक करून पाटीत गोळा करायला लागल्या. थोडे झाल्यावर पदरानं पुसून बघायच्या, पुसूनही वाळू जायची नाही, तरी पाटीत टाकायच्या. कल्पेशनं शेवटचा बांबू उपटून भिंतीला लावला. मी त्याला ते बांबू धरू लागलो.

वलांड मावशींनी गावाच्या टोकाला, खाडीकडे नेली. तिथे कुणाची वस्ती नव्हती. दारात असताना घरकाम करता करता लक्ष राहायचं. तिथे कुत्री, कावळे, म्हणून दिवसभर काठी घेऊन उन्हात बसावं लागे. होळीच्या आधी एका दुपारी अवकाळी पाऊस आला. दारासमोर वलांड असती तर पाच मिनिटांत सगळं घरात आलं असतं. मावशी जेवायला घरी आल्या होत्या. धावत खाडीवर जाईपर्यंत माल भिजला होता. भिजलेल्या सुक्या बोंबलाला दोन दिवसांत अळी पडते. हंगामाचा राहिलेला सगळा माल त्यांनी खड्ड्यात पुरला. कल्पेशनं मला हे फोनवर सांगितलं. मी म्हणालो, "अरेरे."

मशीन त्यानंतर महिनाभरही टिकलं नाही. बोर्ड जळला. कल्पेशनं परीक्षा दिली नाही. हितेशनं खटपट करून त्याला ट्रेनिंगला घातलं आणि तोही जहाजावर गेला, इंजिनरूममध्ये. मावशींनी पुढच्या हंगामाला वलांड बांधली नाही. एका बाईच्या ओळखीनं बोईसरच्या एका कंपनीत औषधी गोळ्यांच्या पॅकिंगला लागल्या. दोन वर्षांनी शिक्षण संपवून मी नोकरीला लागलो तीही तिथेच. पहिल्या दिवशी गेटावर प्लॅस्टिकची टोपी घातलेल्या एका बाईनं हाक मारली, "अरं बाबू!"

मग रोजचंच झालं. पाळी सुटली की बस येईपर्यंत आम्ही शेजारी उभे. त्यांनी मला हसत सांगितलं होतं, की कामाच्या पहिल्या दिवशी सुपरवायझरनं त्यांना तीनदा हात धुवायला पाठवलं. "साबन संपला, पन त्याचं समादान झालं नाय." आठ तास उभं राहून त्यांच्या पायांच्या शिरा सुजल्या आहेत. कधी कधी डब्यात माझ्यासाठी बोंबलाची चटणी असते. ते बोंबील त्या बाजारातून विकत आणतात. पिशवीत हात घालून निवडतात आणि म्हणतात, "नीट सुकवलेले नाय. कोन जानं कोनी टांगले."

मी खातो. सांगायचं असं मी शंभरदा ठरवलं. एकदा तर "मावशी, एक सांगायचं होतं," इथपर्यंत आलो. मग बस आली. बस नसती आली तरी काही वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही.

यंदा कल्पेश सुट्टीवर आला. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, "नवापूरला ये. जेट्टीवर." घरी नाही, जेट्टीवर. ऊन उतरत होतं. बोटी चिखलात कलंडल्या होत्या. तो आता रुंद झालाय, हातांवर तेलाचे न जाणारे डाग. त्यानं पिशवीतून पंखा काढून आमच्यामध्ये कठड्यावर ठेवला. काळा, धुळीनं भरलेला.

"माल्यावर होतं ते मशीन," तो म्हणाला. "कायतरी कामाचं निघल म्हनून उघडलं. मी इंजिनरूमला हाय आता. गरम हवा कुठनं काढायची, हेच काम करतो. उघडलं नि लगेच दिसलं. पंखा उलटा हाय."

मी चौकटीवरची धूळ बोटानं पुसली, खाली बाण होता.

"धा मिनटं बघत बसलो. म्हटलं, चुकून झालं असल. पोरं होतो आपन." तो समुद्राकडे बघत होता. "चुकून झालं?"

तो मला वाट देत होता. एक शब्द पुरला असता. इतकी वर्षं खोटं बोलणं मला सोपं गेलं होतं. त्या दिवशी ते का जमलं नाही, मला ठाऊक नाही. कदाचित समोरचा माणूस पहिल्यांदाच माझ्याइतकं जाणत होता, म्हणून.

"चुकून नाही," मी म्हणालो.

"का?"

"तू जिंकायचास."

बोलल्यावर ते किती लहान आहे ते मला ऐकू आलं. कल्पेश वळला. "येवढंच?"

"एवढंच."

त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं पंखा उचलला, हातात फिरवून बघितला आणि पाण्यात टाकला. पाणी उथळ होतं. तो बुडला नाही, चिखलात रुतून बसला.

"मी मावशींना सांगतो," मी म्हणालो. "आत्ताच जातो. पाया पडतो."

त्यानं माझं मनगट धरलं. "नाय सांगायचं."

"कल्पेश, त्यांना कळायला पाहिजे."

"माज्या आयला मी त्या दिशी काय बोललो, ते तू ऐकलंस. ती अजून म्हनते, पोर बरोबर बोलला, मशीन नाजूक असतं. तेच खरं धरून ती मला जेवायला वाढते. आता तू जाऊन सांगशील की बोंबलानं काय केलंच नव्हतं. मंग मी तिला कशापायी बोललो? तिनं धंदा कशापायी मोडला? सात वरसं उभी कशापायी राहिली?" त्यानं मनगट सोडलं. "तुजं मन हलकं हुईल रे. तिला काय भेटल?"

"मग मी काय करू?"

"कायच नाय. माज्या घरी यायचं नाय. गेटावर ती बोलल ते ऐकायचं, देईल ते खायाचं. आनि गप राहायचं."

तो उठून गेला. मी भरती येईपर्यंत तिथेच होतो.

चार दिवसांनी त्याचं जहाज होतं. तो गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मावशी नेहमीसारख्या माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. टोपी काढून त्यांनी केस सारखे केले. "कल्पेस भेटला ना तुला? काय म्हनला?"

"काही नाही मावशी. सुट्टी पुरली नाही म्हणाला."

"व्हय, कुठं पुरते." मग त्या जरा जवळ सरकल्या. "बाबू, तुज्याकडे एक काम हाय. माज्या भावाची पोर, दीपिका, आता माज्याकडे राहून कालेज करते. तिला कॉम्पुटर पायजे अभ्यासाला. दुकानवाले फसवतात. कल्पेसला म्हटलं अमोलला इचार, तर तो कायच बोलला नाय. म्हनून मीच सांगते. तूच ये घरी, बघून घे, तूच जोडून दे. आमाला दुसरं कोन हाय?"

मी त्यांच्याकडे बघत होतो. बस वळणावर आली होती. लोक पिशव्या उचलत होते. त्यांना वाटलं, मी कचरतोय. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"आता भिऊ नको," त्या म्हणाल्या. "आता दारात बोंबील नाय. मशीन टिकल."